मुदत कोणाच्या हक्काची?

सुरतेच्या सत्र न्यायालयाने ३० जानेवारी २०२० रोजी एका कैद्याच्या फाशीचा हुकूम काढला व २९ फेब्रुवारी ही तारीख मुक्रर केली. एका चिमुकल्या बालिकेवर अत्याचार करून तिचा वध केल्याचा हा अपराध. तो लिहिताना लेखणी अडखळते. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ च्या अखेरीस शिक्षा कायम केली होती. तथापि सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यास साठ दिवसांची मुदत असते, आणि ती सरण्यापूर्वीच हा हुकूम निघाला! २० फेब्रुवारीस सरन्यायाधीश शरद बोबडे (हे आपले नागपूरचे) यांच्या पीठाने त्यास स्थगिती दिली. कैद्याचे सर्व कायदेशीर उपाय संपल्यावाचून असा हुकूम काढू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच सांगून ठेवले होते.

अशा नराधमासाठी इतकी काळजी कशाला, असे कित्येकांच्या मनात येईल. त्या बालिकेच्या मातापित्यांचा शोक कोण नाकारील? परंतु मुदत ही अपराध्यास दिलेली सवलत नसून न्यायाधीशाच्या हातून चूक घडल्यास ती उमगावी म्हणून राखलेला अवकाश होय. शिवाय ख्रिस्तसभेने २०१८ साली, पोप फ्रान्सिस यांच्या आज्ञेने, आपल्या धर्मशिक्षणग्रंथात देहान्त शासन अग्राह्य ठरविले आहे.

मुदतीची दुसरी बाजू अमेरिकेत दिसते. तेथे राज्याच्या न्यायालयात मुद्दा वेळेवर मांडला नाही, तर पुढे संघीय न्यायालय तो बहुधा ऐकतच नाही. व्हर्जिनियातील रॉजर कोलमन याच्या वकिलांनी अपिलाची सूचना तीन दिवस उशिरा दिली. १९९१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची ही चूक कैद्याच्याच माथी मारली, आणि मे १९९२ मध्ये त्यास देहदंड झाला. २००६ साली झालेल्या वैज्ञानिक चाचणीने तो अपराधीच ठरला, हेही सांगितले पाहिजे. पण दार लावून घेणाऱ्यांना ते तेव्हा कोठे ठाऊक होते?

आपल्याकडे दार इतके घट्ट लागत नाही. १९९४ साली पुण्यात घडलेल्या सात खुनांच्या खटल्यातील एका कैद्याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कायम केली होती. गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो, हा अर्ज त्याने त्या न्यायालयापुढे पुष्कळ वर्षांनी, २०१८ साली केला. बालगुन्हेगारांच्या कायद्यानुसार हा मुद्दा अंतिम निकालानंतरही काढता येतो. शाळेच्या नोंदीवरून तो तेव्हा अवघा बारा वर्षांचा होता असे ठरले, आणि मार्च २०२३ मध्ये त्याची सुटका झाली. अठ्ठावीस वर्षे मात्र तुरुंगात गेली ती गेलीच.

खेड्यातील गरीब कुटुंबावर असा प्रसंग आला, तर घाबरून घरी बसू नये. कोठडीतील माणसास, त्याची मिळकत काहीही असो, १९८७ च्या कायद्यान्वये सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कैदी आपले अपील तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती देऊ शकतो. विलंब झालाच, तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. तुरुंगवासाची शिक्षा होताच निकालाची प्रत आरोपीस विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी आणि तिच्यावरील तारीख घरी लिहून ठेवावी, कारण दिवस तेथूनच मोजले जातात.