कंपनीस ग्राहक म्हणतां येईल काय?

गेल्या वीस-बावीस वर्षांत महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून 'शेतकरी उत्पादक कंपनी' हें नांव चांगलेंच रुळलें आहे. २००२ च्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत अशा कंपन्यांना जागा मिळाली, आणि सहकारी सोसायटीच्या जोडीला शेतकऱ्यास हा दुसरा आधार लाभला. बी, खत, औषधें, ठिबकाच्या नळ्या, प्रतवारीचीं यंत्रें असा माल आतां पुष्कळ ठिकाणीं शेतकऱ्याच्या नांवानें न येतां कंपनीच्या नांवानें येतो. एकठोक खरेदीमुळें भाव बरा पडतो, वाहतूक वांचते, हा लाभ खराच. परंतु त्याबरोबर एक प्रश्न उभा राहतो व त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. समजा, सोयाबीनचें बी कंपनीनें खरेदी केलें, सभासदांनीं पेरलें आणि तें उगवलेंच नाहीं. बिल कंपनीच्या नांवाचें, शेत मात्र सभासदाचें. अशा वेळीं ग्राहक आयोगापुढें दाद कोणीं मागावयाची? कंपनीनें मागितली तर "तुम्ही ग्राहकच नव्हे" असें उत्तर मिळण्याची भीति आहे काय?

हा केवळ वकिलांच्या करमणुकीचा प्रश्न आहे असें कोणीं समजूं नये. पुणें जिल्ह्यास त्याचा जुना अनुभव आहे. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें सावकारांच्या वह्या व कागद जाळले गेले, दंगे पसरले, आणि अखेर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांस लागू होता. त्याचा आश्रय घेणाऱ्यास प्रथम आपण 'शेतकरी' आहों, म्हणजे आपली उपजीविका सर्वस्वीं किंवा मुख्यतः शेतीवर आहे, हें दाखवावें लागे. व्याख्येंत बसला त्यास संरक्षण. बाहेर राहिला त्याची गोष्ट कितीही खरी असली तरी तिचा उपयोग नाहीं. दुबळ्यास हात देणाऱ्या प्रत्येक कायद्याच्या दारांत व्याख्या ही अशी पहारा करीत असते.

ग्राहकांची चळवळ हीही पुण्याची आहे. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं येथेंच ग्राहक पंचायतीचा पाया घातला. पुढें १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. तक्रार करणारी 'व्यक्ति' कोण, हें सांगतांना त्या कायद्यानें भागीदारी पेढी, एकत्र हिंदु कुटुंब, सहकारी संस्था व व्यक्तींचा संघ इतकीं नांवें घातलीं. 'कंपनी' हा शब्द मात्र त्यांत नव्हता. तेव्हां कंपनीस मुद्दाम वगळलें आहे, असा युक्तिवाद माल विकणारे करूं लागले.

त्या वादाचा निकाल बेळगांवकडील एका प्रकरणांत लागला. अशोक आयर्न वर्क्स या खाजगी कंपनीनें वीजपुरवठ्याच्या बाबतींत तक्रार केली होती. कंपनी ही व्यक्तिच नव्हे, हा वीज महामंडळाचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं फेटाळला. कायद्यांतील यादी ही केवळ समावेश करणारी आहे, ती संपूर्ण यादी नव्हे. शिवाय १८९७ च्या सामान्य व्याख्यांच्या कायद्याप्रमाणें 'व्यक्ति' या शब्दांत कंपनी येतेच, असें न्यायालयानें सांगितलें. २०२० च्या जुलै महिन्यापासून अंमलांत आलेल्या २०१९ च्या नव्या कायद्यानें तर कंपनीचें नांव स्पष्टच घातलें. म्हणजे कंपनी म्हणून कोणासही दारांतून परत पाठवितां येत नाहीं, एवढें पक्कें झालें.

परंतु दार उघडलें म्हणून घरांत जागा मिळालीच असें नव्हे. त्याच कायद्यांत दुसरी अट आहे: जो माल पुन्हां विकण्यासाठीं किंवा व्यापारी हेतूनें घेतो तो ग्राहक नव्हे. सेवांच्या बाबतींतही ही अट २००२ च्या दुरुस्तीनें घातली गेली. तिला एक अपवाद आहे. स्वतःच्या श्रमानें केवळ पोट भरण्यासाठीं जो वस्तु घेऊन वापरतो, त्याचा हेतु व्यापारी मानावयाचा नाहीं. या अटीचा चटका महाराष्ट्रांतील लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लहान उद्योगास बसला. त्यानें कोइमतूरच्या संस्थेकडून घेतलेलें यंत्र उशिरां आलें व सदोष निघालें, म्हणून राज्य आयोगानें भरपाई दिली; पण राष्ट्रीय आयोगानें ती रद्द केली व १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच कायम ठेवलें. रिक्षा घेऊन स्वतः चालविणारा ग्राहक होय, मदतीला एक-दोन माणसें ठेवलीं तरी बिघडत नाहीं. परंतु मोठ्या प्रमाणावर नफ्याचा धंदा करणारा ग्राहक नव्हे, अशी सीमारेषा त्या निकालानें आंखली.

त्यानंतरचे निकाल वाचले म्हणजे एक सूत्र हातीं येतें. मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या विश्वस्त संस्थेनें परिचारिकांच्या राहण्यासाठीं सदनिका घेतल्या होत्या. २०१९ सालीं न्यायालयानें तिला ग्राहक ठरविलें, कारण त्या सदनिकांचा नफा मिळविण्याशीं निकटचा संबंध नव्हता. २०२२ सालीं मुंबईच्या एका शेअर-दलालानें धंदा वाढविण्यासाठीं बँकेकडून घेतलेली उचल मात्र व्यापारी ठरली. २०२३ सालीं, व्यापाऱ्यानें घेतलेला विमा हा नुकसान भरून निघावें म्हणून असतो, नफ्यासाठीं नसतो, असें हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणांत ठरलें. आणि २०२४ च्या जुलै महिन्यांत, संचालकाच्या वापरासाठीं कंपनीनें घेतलेली मर्सिडीज मोटार सदोष निघाली असतां ती कंपनीही ग्राहक होय, असा निर्णय झाला. ती मोटार बनविणाऱ्या कंपनीचा कारखाना आपल्याच पुणें जिल्ह्यांत आहे. तात्पर्य, घेणारा कोण यापेक्षां घेतलें कशासाठीं हें न्यायालय पाहतें.

आतां शेतकऱ्याकडे वळूं. एकट्या शेतकऱ्याचा हक्क न्यायालयानें चांगला राखला आहे. बियाण्यांच्या कंपन्या म्हणत, शेतकरी पीक विकतो, तेव्हां त्याचा हेतु व्यापारीच. राष्ट्रीय बीज निगमानें हाच मुद्दा आंध्रांतील शेतकऱ्यांविरुद्ध मांडला. तो २०१२ सालीं फेटाळला गेला. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत पाठविला नाहीं ही सबबही टिकली नाहीं. शेतकरी घेतलेलें सर्व बी पेरून टाकतो, त्यानें नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच अवाजवी, असें न्यायालयानें म्हटलें. १९९८ सालीं जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीच्या प्रकरणांतही, त्याच लॉटचें बी कंपनीजवळ असणार, तपासणी हवी होती तर तिनेंच मागावयास हवी होती, असा निकाल झाला होता.

खरी अडचण येथें आहे. एकट्या शेतकऱ्यास मिळालेलें हें संरक्षण तो कंपनी काढून संघटित झाला म्हणजे डळमळूं लागतें. कंपनीनें शंभर पिशव्या घेऊन सभासदांस किंमत घेऊन दिल्या, तर ती 'पुन्हां विक्री' झाली असा आक्षेप विकणारा घेणारच. आणि कायद्याच्या शब्दांकडे पाहतां तो आक्षेप पोकळ म्हणतां येत नाहीं. सभासदानें जातीनें तक्रार केली तर "तुमचें नांव आमच्या बिलावर कोठें आहे?" असें विचारलें जाईल. घेणाऱ्याच्या संमतीनें वस्तु वापरणारा हाही ग्राहक होय, असें कायद्यांत आहे, त्याचा सभासदास आधार मिळूं शकेल. परंतु मधल्या व्यवहारास विक्री म्हणावयाचें कीं वाटप, यावर वर्षानुवर्षें वाद चालेल, आणि खरिपाचा हंगाम कोणासाठीं थांबत नाहीं. ऐक्यानें भाव कमी मिळवावा आणि ऐक्यामुळेंच न्याय गमवावा, ही उलटी रीत होय.

यावर कांहीं जाणते गृहस्थ म्हणतात कीं हा कायदा दुबळ्यांसाठीं आहे. कंपन्यांस दिवाणी न्यायालय आहेच. त्यांस आंत घेतल्यास संचालकांच्या मोटारींच्या तक्रारींखालीं गरिबाचें प्रकरण गाडलें जाईल. या म्हणण्यांत तथ्य आहे. आयोगांपुढें कामें तुंबतात हें कोणीही नाकारणार नाहीं. परंतु यावरून निघतें तें इतकेंच कीं नफ्याच्या व्यवहारास बाहेर ठेवावें. नांवापुढें 'कंपनी' आहे म्हणून ठेवावें असें नव्हे. शेतकऱ्यांची कंपनी ही त्यांच्या कष्टांचीच मोट आहे. श्रीमंताची मोटार ज्या दारांतून आंत गेली, त्या दारांत शेतकऱ्याची बियाण्याची पिशवी अडून राहावी हें न्यायास धरून नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें. कायद्यांत 'व्यापारी हेतु' या शब्दांस जें स्पष्टीकरण जोडलें आहे, त्यांत एका वाक्याची भर घालावी: उत्पादक कंपनीनें किंवा सहकारी संस्थेनें सभासदांच्या स्वतःच्या शेतीसाठीं माल घेऊन त्यांस वांटल्यास ती पुनर्विक्री समजूं नये. लोकसभेंतील आपल्या प्रतिनिधींपुढें ही मागणी शेतकरी संस्थांनीं एकमुखानें ठेवावी.

तोंपर्यंत हात बांधून बसण्याचें कारण नाहीं. कंपनीनें भाव एकत्र ठरवावा, परंतु शक्य तेथें बिल प्रत्येक सभासदाच्या नांवें करून घ्यावें. तें न जमल्यास, हा माल सभासदांकरितां त्यांचा अडत्या म्हणून घेत आहों, असा ठराव आधीं करून सभासदवार नोंद, लॉट नंबर व पिशव्या जपून ठेवाव्या. बी न उगवल्यास तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्याकडे लगेच लेखी तक्रार देऊन समितीकडून शेताची पाहणी व पंचनामा करवून घ्यावा. मोडून दुबार पेरणी केल्यावर पुरावा उरत नाहीं. समान हिताच्या अनेक ग्राहकांस आयोगाच्या परवानगीनें एकत्र तक्रार करतां येते, तिचा लाभ घ्यावा. तक्रार दोन वर्षांच्या आंत, आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगापुढें करतां येते. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगास अधिकार आहे, आणि पांच लाखांपर्यंत फी पडत नाहीं. हेतु व्यापारी होता हें सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर आहे, असेंही सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं श्रीराम चिट्सच्या प्रकरणांत सांगितलें आहे. तेव्हां समोरच्याच्या नुसत्या आक्षेपानें घाबरून माघार घेऊं नये.

सुप्याच्या शेतकऱ्यांनीं कागद जाळले, कारण कागदावर काय लिहिलें आहे हें त्यांस वाचतां येत नव्हतें. आज आपणांस वाचतां येतें. खरेदीच्या दिवशीं बिलावर कोणाचें नांव पडतें तें पाहून घेणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.