आठ हातांची मेंदी

आमच्या बीडपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तिसरीतल्या भाचीने एकदा विचारले, "फुफू, समुद्र आपल्याकडे कधीच येत नाही का?" मी म्हणाले, "तो येत नाही, पण आपली बिंदुसरा त्याच्याकडे जाते. ती सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला."

भाची घरात दखनी बोलते, शाळेत मराठी. धडा वाचताना अडखळते, वर्गातली मुले हसतात, म्हणून पुस्तक उघडायलाच घाबरते. त्या संध्याकाळी मी तिला ऑक्टोपसचे चित्र दाखवले. सांगितले, याला आठ हात, तीन हृदये आणि रक्त निळे. तिने जरा विचार केला. "मग चाँदरातीला मेंदी काढायला किती वेळ लागेल?"

झाले! दोघींनी मिळून कविता जुळवली:

चाँदरातीला ऑक्टोपसबाई
मेंदी काढायला बसल्या,
सात हात भरून झाले,
आठव्यावरून रुसल्या!

आठही हात रंगले आता,
शीरखुर्मा भरवील कोण?
पाठ खाजते, ओढणी घसरते,
त्यात वाजतोय मोबाइल फोन!

चित्र तिने काढले. बाईंच्या मदतीला एक खेकडा वाडगा घेऊन निघालाय. तिरपा चालतो म्हणून शीरखुर्मा सांडत चाललाय. कवितेत खेकड्याचे नावही नाही. सचित्र बालकवितेची गंमत हीच की, शब्दांनी सोडलेले चित्र सांगते आणि मूल पुन्हा पुन्हा पान उलटते.

मोठमोठ्या कवींनी या कामात कमीपणा मानलेला नाही. बंगालीत सुकुमार राय यांनी 'आबोल ताबोल' (१९२३) लिहिले आणि त्याची चित्रेही स्वतः काढली. इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर याने १८४६ साली आपल्या विनोदी कवितांचे सचित्र पुस्तक काढले. १८७३ मध्ये तो मुंबईलाही आला होता. आणि आपले ज्ञानपीठविजेते विंदा करंदीकर? त्यांनी मुलांसाठी 'एटू लोकांचा देश' लिहिला.

दादींना मात्र हे पटेना. "अभ्यास सोडून हा काय खेळ?" हा प्रश्न आपल्या बऱ्याच घरांत ऐकू येतो. उत्तर भाचीनेच दिले. "दादी, खेकडा तिरपा का चालतो, माहीत आहे? त्याच्या पायांचे सांधे बाजूला वाकतात, म्हणून!" दादी गप्प. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "वो मेंदीवाली फिर सुना ना, बेटा." भाचीने सगळी कविता वाचून दाखवली. एकदाही अडखळली नाही. हसणे या वेळीही झाले, पण तिला नव्हे, तिच्याबरोबर.

तुम्हीही करून पाहा. एक समुद्रजीव घ्या, त्याची एक खरी गोष्ट सांगा, चार ओळी जुळवा आणि चित्र मुलांवर सोडा. सुरुवातीला समुद्रघोडा घ्या. त्याची पिल्ले अम्मीच्या नव्हे, अब्बांच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात. यावर तुमच्या घरातले अब्बा काय म्हणतात, तीच पहिली ओळ!