झाकली मूठ कुणाच्या कामाची?



मुलाला रग्बीला पाठवावं की नाही, हा प्रश्न मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत हमखास निघतो. यॉर्कशायर-लँकेशायरकडच्या घरांत तर जास्तच, कारण तिथे शाळेपासूनच रग्बी लीगचं वारं असतं. पालकांचा आक्षेप दुखापतीवर थोडा आणि ‘संगती’वर फार. “मॅच झाली की पब, आणि पबनंतर काय ते विचारू नका,” असं परवा एकांनी ऐकवलं आणि उदाहरण म्हणून झॅक हार्डेकरचं नाव घेतलं. उदाहरण चांगलं आहे. पण त्यातून निघणारा धडा मला वेगळा दिसतो, म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी मूळ रग्बी संघटनेशी फारकत घेतली. भांडण पैशाचं होतं. गिरणीत किंवा खाणीत खाडा करून खेळायला येणाऱ्या कामगाराला बुडालेली मजुरी द्यायची की नाही? उत्तरेने ‘द्यायची’ म्हटलं, आणि पुढे तेरा जणांचं रग्बी लीग झालं ते यातूनच. म्हणजे हा पहिल्यापासून कष्टकऱ्यांचा खेळ.

हार्डेकर अशाच भागातला, पाँटिफ्रॅक्टचा. जन्म १९९१ चा. फेदरस्टोनहून २०११ मध्ये तो लीड्स ऱ्हायनोजकडे आला. २०१५ साली लीड्सने एकाच मोसमात तिन्ही मानाच्या स्पर्धा जिंकल्या आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ‘मॅन ऑफ स्टील’ हा किताब त्याला मिळाला. तेव्हा त्याला चोवीसही पूर्ण नव्हती. पण त्याआधीच २०१४ मध्ये मैदानावर समलिंगी लोकांना हिणवणारा शब्द वापरल्याबद्दल त्याच्यावर पाच सामन्यांची बंदी आली होती. मग २०१७. कॅसलफर्ड क्लब त्याच्यासह इतिहासात प्रथमच ग्रँड फायनलला पोहोचला. ७ ऑक्टोबरला ओल्ड ट्रॅफर्डवर सामना, आणि ऐन तोंडावर हार्डेकर संघाबाहेर. ८ सप्टेंबरच्या चाचणीत कोकेन सापडलं होतं. कॅसलफर्ड २४-६ असा हरला, तोही लीड्सकडूनच. क्लबने पुढे त्याला काढून टाकलं. चौदा महिन्यांची बंदी झाली. विगनने त्याला घेतलं, तर २०१८ मध्येच दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण झालं.

इथवर गोष्ट आपल्या पालकांच्या बाजूची. पण ती इथे संपत नाही. विगनने करार मोडला नाही. हार्डेकर खेळत राहिला, आणि १२ ऑगस्ट २०२३ ला वेम्बलीवर ली क्लबने हल केआरला १७-१६ असं हरवून १९७१ नंतर प्रथमच चॅलेंज कप जिंकला तेव्हा तो त्या संघात होता. शिक्षा पूर्ण झाली, पण दार बंद झालं नाही.

आता थोडं माझ्या विषयातलं. कोकेन शरीरात फार काळ टिकत नाही. त्याचं बेंझॉइलएक्गोनीन बनतं आणि ते लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतं. कोकेनवर बंदी आहे ती सामन्याच्या काळापुरती. म्हणजे बुधवारी रात्री घेतलेलं शुक्रवारच्या चाचणीत सापडलं की खेळाडू अडकला. त्यातून खेळ सुधारण्याचा प्रश्नच नव्हता, हे नियम करणाऱ्यांनाही कळलं. २०२१ पासून जागतिक नियम बदलला आहे. स्पर्धेबाहेर आणि खेळाशी संबंध नसताना घेतलं असेल तर तीन महिने, आणि उपचार पूर्ण केले तर एक महिना. यातला ‘उपचार’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

आणखी एक गोष्ट तरुण मुलांना कुणी सांगत नाही. कोकेन आणि दारू एकत्र पोटात गेली की यकृतात कोकाएथिलीन नावाचं तिसरंच रसायन तयार होतं, आणि ते हृदयाला कोकेनपेक्षाही घातक आहे. “नुसती एखादी बिअर घेतली होती” हे इथे लागू पडत नाही.

रग्बी लीगला हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. टेरी न्यूटन हा ग्रेट ब्रिटनकडून खेळलेला खेळाडू. रक्तचाचणीत वाढीचं संप्रेरक सापडलेला जगातला पहिला खेळाडू म्हणून २०१० च्या फेब्रुवारीत त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्याच सप्टेंबरात त्याने आयुष्य संपवलं, वय ३१. त्यानंतर २०११ मध्ये ‘स्टेट ऑफ माइंड’ ही संस्था उभी राहिली. तिचे लोक क्लबांत जाऊन खेळाडूंशी मनाच्या दुखण्याबद्दल, व्यसनाबद्दल उघड बोलतात. ज्या गावांत पुरुषाने रडणं म्हणजे लाज, तिथे हे घडलं.

आणि आपण? “आपल्या घरात संस्कार असतात” म्हणणाऱ्यांना मी विनोद कांबळीची आठवण देईन. कांजूरमार्गचा मराठी मुलगा, आचरेकर सरांसारखा कडक गुरू, शारदाश्रमकडून १९८८ मध्ये सचिनबरोबर ६६४ ची अभेद्य भागीदारी. सतरा कसोटींत ५४.२० ची सरासरी, आणि शेवटची कसोटी वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढे दारूबद्दल तो स्वतःच मुलाखतींतून बोलला. २०२२ मध्ये वांद्र्यात दारूच्या अमलात गाडी ठोकल्याबद्दल त्याला अटक झाली. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचा कार्यक्रम झाला. तिथली त्याची थकलेली चित्रफीत आपल्यापैकी किती जणांनी एकमेकांना पाठवली! ‘अरेरे’ म्हटलं आणि पुढे ढकलली. मग कांबळीच्या बाबतीत दोष कुणाचा, क्रिकेटचा? तसं आपण म्हणत नाही. मग हार्डेकरच्या बाबतीत रग्बीचा कसा?

दोष असेल तर तो झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवण्याचा. आपल्या समाजात कुणाचा मुलगा अडचणीत आला तर घरचे मंडळात येणं बंद करतात, आणि आपण ‘हल्ली दिसत नाहीत’ एवढंच म्हणतो. ज्या वेळी माणसांची सर्वांत जास्त गरज, नेमकी तेव्हाच माणसं तुटतात.

म्हणून कार्यकारिणीपुढे दोन सूचना ठेवतो.

पहिली, वर्षातून एक दुपार चौदा वर्षांवरच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी, वेगवेगळ्या खोल्यांत. आपल्यात डॉक्टरांची वाण नाही. त्यांनी बोलावं, मुलांनी चिठ्ठ्यांवर नाव न घालता प्रश्न विचारावेत. ज्यांना आपल्या माणसांत बोलणं नको वाटतं त्यांच्यासाठी ‘फ्रँक’ या सरकारी मदतसेवेचा नंबर, ०३०० १२३ ६६००, वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर कायम छापावा.

दुसरी सूचना मोठ्यांसाठी आहे, आणि ती काहींना झोंबेल. दिवाळीच्या पार्टीला हॉलच्या दाराशी कूपन देतो तिथेच परतीची गाडी कोण चालवणार त्याचं नाव लिहून घ्यावं. शरीर तासाला साधारण एक युनिट दारू निकामी करतं. कॉफीने किंवा थंड पाण्याने हा वेग वाढत नाही. वाइनच्या एका बाटलीत जवळपास दहा युनिट असतात. मध्यरात्री ती संपवणारा रविवारी सकाळी मुलांना मराठी शाळेत सोडायला निघतो तेव्हाही कायद्याच्या मर्यादेवर असू शकतो. स्कॉटलंडमध्ये तर २०१४ पासून ती मर्यादा आणखी खाली आणली आहे. मागच्या सीटवर बसलेली मुलं हे सगळं पाहत असतात. त्यांना रग्बी क्लबमध्ये वेगळं काही शिकावं लागत नाही.

मुलांना खुशाल खेळू द्या. मात्र क्लबमध्ये चौकशी करताना फी आणि बुटांबरोबर एवढंही विचारा, की मुलाचं काही चुकलं तर इथे कुणाशी बोलायचं. आणि तोच प्रश्न आपल्या घराला आणि आपल्या मंडळालाही विचारा.



— मंडळाचा एक कार्यकर्ता