मागचा दिवा आपलाच

मोटारसायकल घरातल्या पुरुषांची आणि तिची दुरुस्ती म्हणजे त्यांची नि मेकॅनिकची बाब, असं आपण बायकांनी मनाशी पक्कंच करून टाकलंय. गॅरेजवर नवरा किंवा मुलगा बोलत असतो आणि आपण पिशवी धरून बाजूला उभ्या! पण मैत्रिणींनो, एक साधा विचार करा. गाडीचा मागचा दिवा कुणाच्या पाठीशी असतो? मागे बसणाऱ्याच्या. आणि मागे बहुतेक वेळा आपणच असतो, मांडीवर लेकरू नाहीतर बाजाराची पिशवी घेऊन. मग तो दिवा नीट लागतो का, हे विचारायला संकोच कसला?

हे लिहायचं कारण म्हणजे गावोगावी चाललेली एलईडीची हौस. पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडी, मिणमिणता पिवळा दिवा, रात्री रस्ता धड दिसत नाही. मग मुलगा बाजारातून पांढराशुभ्र एलईडी आणतो आणि बसवून टाकतो. हौस वाईट नाही. एलईडीला वीज कमी लागते आणि चांगला असला तर तो टिकतोही. २०१५ साली उजाला योजना सुरू झाली, तेव्हापासून घरातले बल्ब आपणच तर बदलले! जुना काढला, नवा लावला, झालं काम. पण जुन्या गाडीत हे इतकं सोपं नसतं. कारण तिची सगळी वायरिंग जुन्या बल्बचा हिशेब धरून केलेली असते.

इंडिकेटरचंच घ्या. जुना बल्ब साधारण दहा वॅटचा, पुढचा-मागचा मिळून वीस. त्या भाराच्या हिशेबाने फ्लॅशर नावाची छोटी डबी दिव्याची उघडझाप करते. एलईडी लावला की भार अगदीच थोडा उरतो आणि जुनी डबी गोंधळते. दिवा भराभर लुकलुकतो, नाहीतर नुसताच लागून राहतो. मग काही जण भार वाढवायला रेझिस्टर जोडून देतात. तो चांगलाच तापतो आणि वाचवलेली वीज उष्णतेत घालवतो. त्यापेक्षा एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणं बरं.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे एका बाजूचा इंडिकेटर दिला की चारही लुकलुकतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरवर दोन्ही बाजूंना मिळून खुणेचा एकच छोटा बल्ब असतो. त्यातून पलीकडे जाणारा जरासा प्रवाह मोठे बल्ब पेटवू शकत नव्हता. एलईडीला मात्र तेवढाही पुरतो! डाव्या आणि उजव्या तारेला एकेक डायोड लावायचा, दोन्ही त्या बल्बच्या एका टोकाला जोडायचे आणि दुसरं टोक अर्थला द्यायचं. जाणकार वायरिंगवाल्याला हे काम अवघड नाही.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंना ही चूक भोवली. बाजार करून परतताना त्यांच्या मिस्टरांनी उजवीकडे वळायला इंडिकेटर दिला, तर चारही दिवे लुकलुकले. मागच्या टेंपोवाल्याला वाटलं, गाडी बिघडून थांबतेय. तो उजवीकडून पुढे निघाला. ताईंचं मनगट मोडलं आणि तीन महिने शिलाई मशीन बंद पडलं. त्या शिलाईवर मुलीच्या क्लासची फी भागत होती. मेकॅनिक काय म्हणाला असेल? 'दिवे तर सगळे लागत होते.' लागत होते हो! पण मागच्याला ते खरं सांगत नव्हते, त्याचं काय?

हेडलाइटची गोष्ट आणखी निराळी. कित्येक जुन्या लहान गाड्यांत तो बॅटरीवर चालतच नाही, इंजिनातल्या कॉइलच्या एसी विजेवर चालतो. म्हणून तर गाडी हळू झाली की उजेड मंदावतो. तिथे डीसीवर चालणारा एलईडी लावला तर तो थरथरतो, लवकर जळतोही. त्यासाठी वायरिंग डीसीवर घ्यावी लागते आणि वेगळा फ्यूज टाकावा लागतो. चार्जिंगही बघायला हवं. बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत. आकडा पंधराच्या वर गेला तर आधी रेग्युलेटर तपासायला सांगा, नाहीतर महिन्या-महिन्याला नवे बल्ब आणत बसाल.

आणि समोरून येणाऱ्याचं काय? हेडलाइटची चकाकती वाटी जुन्या बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेली असते. एलईडीचा उजेड त्या जागेवरून निघाला नाही तर तो विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला लख्ख दिसतंय, पण सायकलवरून येणाऱ्या मुलाचे डोळे दिपले तर ती सुरक्षितता कुणाची?

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालूच राहतो. रस्ता दिसावा यासाठी जसा दिवा, तसाच आपण इतरांना नीट दिसावं यासाठीही, हाच त्यामागचा विचार आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, गाडी गॅरेजमधून निघण्याआधी आपण स्वतः चार गोष्टी पाहायच्या. गाडी भिंतीसमोर उभी करून दोघांनी बसायचं आणि डिपर लावून उजेड बघायचा. आपल्या वजनाने गाडी मागे दबते आणि उजेड वर जातो, म्हणून बसूनच बघायचं. मग उतरून वीस-तीस पावलं मागे जायचं आणि ब्रेक दाबायला सांगायचं. टेललाइट आणि ब्रेकलाइट यांत स्पष्ट फरक दिसलाच पाहिजे. लाल काचेमागे लाल एलईडीच हवा, पांढरा फिका पडतो. शेवटी दोन्ही बाजूंचे इंडिकेटर वेगवेगळे लावून बघायचे.

यात न कळण्यासारखं काय आहे? कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आपण ओळखतो, मिक्सर तापला की बंद करतो. घरखर्चातून बल्बचे पैसे आपण देतो आणि जिवाचा धोकाही आपल्यालाच. कुणी हसलं तर हसू द्या. ब्रेक दाबायला सांगा आणि मागे उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दिवा बरोबर लागला, तरच गाडीवर बसा!