दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा?

मा. संपादक,

अमेरिकी लष्कराचे बेरेटा एम-९ पिस्तूल इराकच्या वाळूत ‘नापास’ झाले, असे गेल्या अंकातील लेख सांगतो. ही अर्धीच हकीकत आहे. २००३ नंतर आलेल्या तक्रारींचे एक मोठे कारण होते दुसऱ्या ठेकेदाराकडून घेतलेली मॅगझिन्स. लष्कराच्याच निकषानुसार त्यांना जाड, खरखरीत फॉस्फेटचा लेप होता. त्यात बारीक धूळ रुतून बसे आणि काडतुसे वर सरकेनात. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझिन्स आली. पिस्तूल तेच राहिले.

‘मुठीत खट्कन बसले की मॅगझिन चालते’ हे त्या लेखातील विधान तर धोक्याचे आहे. मॅगझिनच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा काडतूस धरतात आणि नेमक्या क्षणी सोडतात. त्या जराशा फाकल्या, तर काडतूस आधीच उसळून तिरपे अडकते. स्प्रिंग मंदावली, तर स्लाइड पुढे येते तेव्हा काडतूस वर पोचलेलेच नसते.

‘एकाच कंपनीची मॅगझिन्स एकमेकांत चालतात’ हेही सरसकट खरे नाही. ग्लॉक १७ चे मॅगझिन ग्लॉक १९ मध्ये चालते, मुठीखाली थोडे डोकावते इतकेच. १९ चे मात्र १७ मध्ये आखूड पडते आणि खटक्यात अडकतच नाही.

निकृष्ट काडतुसांमुळेही पिस्तूल अडते, एवढे मान्य. पण आधी प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालावा. अडथळा एकाच क्रमांकावर फिरून आला, की निकाल लागला. ही साधी तपासणी न करता पिस्तुलाला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आपला,
एक नेमबाज वाचक, कोल्हापूर