एसीत दर वर्षी गॅस भरताय?

उन्हाळा तोंडावर आला की मेकॅनिक येतो, ‘गॅस संपलाय’ म्हणतो आणि आपण मुकाट्याने पैसे मोजतो. पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी ती शोधून बंद करायला सांगा. कॉइलच सडली असेल आणि आत जुना आर-२२ गॅस असेल, तर दुरुस्तीत पैसा घालवू नका. ओझोनच्या थराला घातक असलेला हा गॅस भारतात २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. नवा एसी घेताना स्टार लेबल बघा, घरातली वायरिंग आणि अर्थिंगही तपासून घ्या. आणि यापुढे बिल चुकवण्याआधी एवढं विचाराच, ‘गळती कुठे होती?’