बिनपगारी हातांची मेजवानी

चवीने खाण्याच्या प्रश्नावर आमच्या समाजात दोन पक्ष आहेत आणि दोघांशीही आमचे जमत नाही. पहिला पक्ष जुन्या वळणाच्या मंडळींचा. युरोपच्या सफरीला निघालेल्या मुलाने लूर्द पाहावे, फातिमाला जावे, रोमचे दर्शन घ्यावे आणि वाटेत पोट भरण्यापुरते मिळेल ते खावे. एका रात्रीच्या एका माणसाच्या जेवणावर चाळीस हजार रुपये घालणे हा शुद्ध माज होय, असे त्यांचे म्हणणे. दुसरा पक्ष त्या मुलांचा. चांगली नोकरी, हातात पैसा, जिभेला नवलाईची ओढ. कोपनहेगनच्या एखाद्या भोजनालयात सहा महिने आधी जागा राखून ठेवायची, त्या तारखेभोवती सगळा प्रवास बेतायचा आणि परतल्यावर त्या जेवणाविषयी अशा हळुवार स्वरात बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावे हा यात्रेहूनच आला! ही कला आहे, कलेची किंमत विचारायची नसते, असे त्यांचे म्हणणे.

पहिल्या पक्षाला आमचे उत्तर थोडक्यात आहे. आनंदाने खाणे हे पाप नव्हे. बेथानीच्या घरी जटामांसीचे मोलाचे सुगंधी तेल ओतले गेले, तेव्हा गरिबांचे नाव पुढे करून कुरकुर कोणी केली, हे योहानाने नावानिशी सांगून ठेवले आहे. गरिबांची आठवण नेमकी दुसऱ्याच्या ताटाकडे पाहूनच व्हावी, यात आम्हांस थोडी लबाडी दिसते. शिवाय ही मंडळी मुलाच्या लग्नात तीन दिवस गाव जेवू घालतात आणि पुढची पाच वर्षे कर्ज फेडतात; तेथे त्यांना हिशेब आठवत नाही.

दुसऱ्या पक्षाशी मात्र सविस्तर बोलले पाहिजे.

ज्यांना हा ‘टेस्टिंग मेनू’ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. येथे पाहुणा पदार्थ मागवत नाही. आचाऱ्याने ठरविलेले पंधरा-वीस पदार्थ, प्रत्येकी दोन-तीन घासांचे, तीन-चार तासांच्या अवधीत एकामागून एक समोर येतात. एका वेळी एकच पदार्थ वाढण्याची रीत फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात रुजली आणि ती रशियन पद्धत म्हणून ओळखली गेली. आपल्या पंगतीत उजवे-डावे सारे एकदम पानावर येते आणि काय आधी, काय मागून, हे जेवणारा ठरवितो. तेथे तो अधिकार आचाऱ्याकडे जातो. यात पाहुण्याचे काही हरवते हे खरे, पण काही मिळतेही. ‘नोमा’चेच उदाहरण घ्या. कोपनहेगनच्या क्रिश्चन्सहाव्हन भागात, बंदरावरील एका जुन्या गोदामात २००३ साली हे भोजनालय सुरू झाले. त्याचा मुख्य आचारी रेने रेझेपी हा मॅसेडोनियातून आलेल्या अल्बेनियन टॅक्सीचालकाचा मुलगा. डुकराचे मांस आणि बटाटे यांपलीकडे डेन्मार्कच्या स्वयंपाकात काय आहे, असे विचारणाऱ्या जगाला त्याने रानातले शेवाळ, समुद्रकाठची पाने, किनाऱ्यावरच्या काटेरी झुडपांची आंबट नारिंगी फळे वाढली. उत्तरेत लिंबू पिकत नाही, तर आंबटपणासाठी मुंग्या वापरल्या. (लाल मुंग्यांची चटणी बस्तरच्या आदिवासींना पूर्वापार ठाऊक आहे. तिला तारे द्यायला कोणी गेले नाही, ही गोष्ट वेगळी.) कुंडीत मातीसारखा दिसणारा माल्टचा व हेझलनटाचा चुरा आणि त्यात रोवलेला कोवळा मुळा, पाहुण्याने तो हाताने उपटायचा आणि पाल्यासकट खायचा. मुळा उपटण्याची नवलाई वसईच्या वाडीवाल्याला कसली वाटणार, असे कोणी म्हणेल. आम्हांला तर ही कल्पना सुंदर वाटते. जगातील पहिल्या पन्नास भोजनालयांच्या प्रसिद्ध यादीत नोमा २०१०, २०११, २०१२, २०१४ आणि २०२१ साली पहिले आले, आणि २०२१ मध्ये मिशेलिनचा तिसरा ताराही त्याला मिळाला. हे कौतुक फुकाचे नव्हते.

आता आपली सुशिक्षित मंडळी अशा जेवणाच्या समर्थनार्थ एक दाखला हटकून देतात, आणि तो डेन्मार्कचाच आहे. कारेन ब्लिक्सन यांची ‘बाबेतची मेजवानी’ ही कथा आणि तीवरून गाब्रिएल आक्सेल यांनी १९८७ साली काढलेला चित्रपट. पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. पोप फ्रान्सिस यांचा तो आवडता चित्रपट होता, आणि २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात त्यांनी बाबेतचा उल्लेखही केला आहे. पॅरिसमधील १८७१ च्या रक्तपातातून पळून आलेली ही कॅथलिक स्त्री उत्तरेच्या एका ओसाड किनाऱ्यावर, दोन धर्मनिष्ठ बहिणींच्या घरी बारा-चौदा वर्षे वाळक्या माशाचे कालवण आणि पाव-बिअरची पेज शिजवीत राहते. मग तिला लॉटरीत दहा हजार फ्रँक मिळतात. ते सगळेच्या सगळे ती एका रात्रीच्या जेवणावर खर्च करते: कासवाचे सार, कॅव्हियार, कणकेच्या आवरणात भाजलेले लावे, जुन्या सालांची उंची मद्ये. जेवणाविषयी अवाक्षर काढायचे नाही असे ठरवून बसलेली ती रुक्ष मंडळी हळूहळू विरघळतात, जुनी भांडणे मिटतात. तेव्हा भारी जेवण हे कृपेचे साधन होऊ शकते, असे आमचे मित्र म्हणतात.

होऊ शकते. पण त्या कथेत पैसे कोणाचे होते? बाबेतचे. श्रम कोणाचे? बाबेतचे. तिने स्वतःचे दिले, कोणी न सांगता दिले, आणि दिल्यावर काही उरले नाही याची तिला खंत नव्हती. नोमाच्या स्वयंपाकघरात जे चालले होते ते याच्या नेमके उलट होते.

मोठ्या भोजनालयांत ‘स्टाज’ नावाची फ्रेंच प्रथा आहे. मराठीत तिला उमेदवारी म्हणता येईल. जगभरातून पाकशाळा शिकलेली तरुण मुले तीन-तीन महिने किंवा अधिक काळ येथे राबतात. स्पेनमधील रोसेसजवळचे फेरान आद्रिया यांचे ‘एल बुयी’ ३० जुलै २०११ रोजी बंद झाले. तेथे एका हंगामात तीसहून अधिक उमेदवार असत. त्यांना राहायला जागा आणि एक वेळचे जेवण मिळे; पगार नसे. नोमातही ऑक्टोबर २०२२ पर्यंत उमेदवारांना पगार नव्हता. विमानाचे भाडे ज्याचे त्याने भरायचे आणि कोपनहेगनसारख्या महाग शहरात खोलीही स्वतःच पाहायची. काम काय? न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०२३ मध्ये एका माजी उमेदवार मुलीचा अनुभव छापला. फळांच्या आटवलेल्या रसाचा पातळ थर पसरायचा, साच्याने त्याचे तुकडे कापायचे आणि चिमट्याने ते जोडून भुंगेरा तयार करायचा, असे तिचे तीन महिने गेले, आणि कामाच्या वेळी हसण्यालाही मनाई होती असे तिने सांगितले. हे चित्र आपल्या कार्यपद्धतीला धरून नाही, असे भोजनालयाने कळविले. हसण्याचे राहू द्या. त्यात मतभेद असू शकतो. पगार नव्हता, ही गोष्ट निर्विवाद आहे. त्या भुंगेऱ्याची छायाचित्रे आपल्या मुलांनी काढली. ज्या बोटांनी तो जोडला, त्या बोटांना एक कवडी मिळाली नव्हती, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये उमेदवारांना पगार सुरू झाला. त्याच वर्षी वृत्तपत्रांतून या प्रथेवर टीका झाली होती. त्या पगारापायी भोजनालयाचा दरमहाचा खर्च किमान पन्नास हजार डॉलरने वाढला, असे वर नमूद केलेल्या वृत्तातच आहे. आणि तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, रेझेपीने जाहीर केले की २०२४ च्या अखेरीस नोमाची नेहमीची सेवा थांबेल. पैशाच्या आणि मनाच्याही दृष्टीने ही रीत टिकण्यासारखी नाही. (ती मुदत पुढे लांबली.) पगार हे एकच कारण होते असे आमचे म्हणणे नाही. पण आकडे समोर ठेवा. माणशी किमान पाचशे डॉलर घेऊनही जेथे सर्व हातांना मजुरी देणे पेलत नाही, तेथे इतकी वर्षे उरलेली रक्कम कोण भरत होते? ज्याच्या खिशात पाचशे डॉलर होते, त्याच्या ताटातील तूट ज्याच्या खिशात काही नव्हते तो भरत होता. दानधर्माचा ओघ इतका उलटा वाहिलेला आम्ही क्वचितच पाहिला आहे.

यावर उत्तर येते ते असे: उमेदवार स्वखुशीने येतात. त्यांना विद्या मिळते, नाव मिळते. गुरूकडे राहून शिष्याने पाणी भरण्याची परंपरा आपलीच नाही का? मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा नोमात काम करून पुढे बँकॉकला गेल्या आणि २०१८ साली मिशेलिनचा तारा मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. हे सर्व खरे आहे. विद्या मिळते हे आम्ही नाकारीत नाही. पण ही विद्या कोणाला मिळते ते पाहा. ज्याचा बाप तीन महिने परदेशी खर्च झेपवू शकतो त्याला. दादरचे केटरिंग कॉलेज १९५४ साली निघाले. तेव्हापासून आमच्या गावांतील किती मुलांनी या व्यवसायाकडे आशेने पाहिले! त्यांतला एखादा मच्छीमाराचा किंवा माळ्याचा मुलगा, ज्याच्या हाताला खरी चव आहे, तो या दाराशी येऊन थांबतो. त्याला कोणी हाकलत नाही. दार उघडेच आहे, फक्त उंबरठ्याची किंमत त्याच्या घराला परवडत नाही. आणि गुरुगृही पाणी भरणाऱ्या शिष्याला निदान गुरूच्या घरी जेवण होते. शिवाय ते पाणी गुरू पाचशे डॉलरला विकत नव्हता.

येथे आमच्याच लोकांचा एक इतिहास आठवतो. गोव्याचे कॅथलिक आचारी आणि बटलर इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर, मुंबईच्या क्लबांत आणि हॉटेलांत दोन-तीन पिढ्या राबले. धोबी तलावाच्या कुडांत पथारी टाकून ते पुढच्या बोटीची वाट पाहात. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांचा पगार फारच तुटपुंजा होता. त्यासाठी त्यांनी संघटनाही बांधल्या. तरी पगार होता. त्यातून घरे उभी राहिली, मुले शिकली, गावच्या चर्चच्या सणाला पैसे गेले. त्या अर्धशिक्षित आचाऱ्याला जर कोणी सांगितले असते की बाबा, या बोटीवर काम करणे हाच मोठा सन्मान, पगाराचे नाव काढू नकोस, तर त्याने काय उत्तर दिले असते ते कोकणीत फार चांगले वाटते. छापता येण्यासारखे नाही.

नोमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही एकतर्फी ठरू. आफ्रिकेतील गांबियाचा अली सोंको हा तेथे पहिल्या वर्षापासून भांडी घासत होता. २०१० साली पहिल्या क्रमांकाचा मान घ्यायला सगळे लंडनला निघाले, तेव्हा त्याला व्हिसा मिळाला नाही. सहकाऱ्यांनी त्याचे चित्र छापलेले सदरे घालून तो मान स्वीकारला. २०१२ साली तो स्वतः मंचावर गेला आणि बोलला. २०१७ मध्ये त्याला भोजनालयाच्या मालकीत भाग देण्यात आला. भांडी घासणाऱ्याला भागीदार करणारे आचारी आपल्याकडे किती आहेत? आपण स्वयंपाकघरांत आरडाओरडा व दंडेली केली, असे रेझेपीने २०१५ साली स्वतःच लिहून मान्य केले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेव्हा ही माणसे राक्षस नव्हेत. म्हणूनच तर प्रश्न गंभीर आहे. ज्या घरात भांडी घासणाऱ्याला भागीदारी देण्याइतके मोठे मन होते, त्याच घरात तीसेक मुले बिनपगारी काम करीत होती आणि कोणाच्या घशात घास अडकत नव्हता. कारण प्रथा होती, आणि पाहुणा खूश होता.

आमचा रोख त्या पाहुण्यावर आहे, म्हणजे आपल्याच मुलांवर. त्यांनी जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. जावे, आनंदाने खावे, मुळा पाल्यासकट खावा. पण कला म्हटले की हिशेब विचारायचा नसतो हे त्यांचे पालुपद आम्हांस मान्य नाही. चित्रकाराने रंग उधार आणले तर ते त्याचे कर्ज. दुसऱ्याच्या मुलाचे तीन महिने फुकट आणले तर तो रंग नव्हे. आणि विचारल्याने काही होत नाही, हेही खोटे. २०२२ साली कोपनहेगनमध्ये जे बदलले ते लोक विचारू लागल्यावर बदलले. इतरत्र अनेक नामांकित स्वयंपाकघरांत ही प्रथा अजून चालू आहे.

या भोजनालयांत जागा राखताना आपल्याला बरेच काही विचारले जाते. शेंगदाणे चालतात का, कालवे चालतात का, दूध सोसते का, मद्य हवे की फळांचा रस, कोणाचा वाढदिवस आहे काय. शेवटी एक रिकामी चौकट असते, आणखी काही कळवायचे असल्यास. तिच्यात एवढेच लिहावे: तुमच्या स्वयंपाकघरात आज काम करणाऱ्या प्रत्येकाला पगार मिळतो काय? उत्तर बहुधा सभ्य भाषेत येईल. ते आले की आगाऊ रक्कम भरावी, किंवा भरू नये.